पहिल्या रविवारची ट्रायल

आमच्या इमारतीत महिन्याचा पहिला रविवार कॅलेंडर न बघता कळायचा. सकाळी चहाच्या सुमाराला खाली पार्किंगमध्ये एक जुनी स्कूटर खोकत खोकत चालू व्हायची, थोडा वेळ धूर सोडायची आणि कुठेही न जाता बंद व्हायची. मग जिन्यात टॉर्चचा उजेड पडायचा, तोही लख्ख उन्हात. मग आमच्याच दाराच्या कुलपात किल्ली फिरायची. आमची जादा किल्ली शेजारच्या आप्पांकडे ठेवलेली असे आणि ती लागते की नाही हे दर महिन्याला बघितलं जाई. मी आतून सांगायची, "लागते, आप्पा." बाहेरून समाधानी आवाज यायचा, "ट्रायल ओके."

आप्पांचा जन्म नामपूरचा आणि सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रातली. तिथे एक पंप चालू असतो आणि दुसरा नुसता उभा असतो, पहिला बंद पडलाच तर म्हणून. त्या उभ्या पंपाला ठरलेल्या दिवशी थोडा वेळ फिरवून बघायचं, ही ट्रायल. निवृत्त होताना लोक घड्याळ, शाल, श्रीफळ घेऊन घरी येतात. आप्पा ट्रायल घेऊन आले. घरात जे जे पडून होतं ते ते महिन्यातून एकदा चालवलं जाऊ लागलं. दुसरा गॅस सिलिंडर, रॉकेलचा स्टोव्ह, माईंचा जुना चष्मा, सगळं. माईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, त्या दिवशी जुन्या चष्म्यातून पेपर वाचून दाखवावा लागे. मी एकदा हसले तेव्हा ते म्हणाले, "ताई, बंद मशीन आणि तयार मशीन, दिसायला दोन्ही गप्पच असतात. फिरवल्याशिवाय कळत नाही कोणतं कोणतं ते."

नातेवाईकांचीही सुटका नव्हती. जेवणाआधी आप्पा फोन घेऊन बसत आणि वर्षानुवर्षं ज्यांच्याशी काही कामच पडलं नव्हतं अशांना एकेक करून लावत. "काही काम नाही. ट्रायल घेतोय. बरे आहात ना? ठेवतो." नामपूरच्या चुलतभावाशी बांधावरून वाकडं होतं, पण त्यालाही फोन जाई. पहिल्यांदा त्याला वाटलं, हा आपली टर उडवतोय. पुढे पुढे फोनला उशीर झाला की तोच उलटा फोन करून विचारू लागला, की आज काय भानगड आहे.

एका माणसाला मात्र हा फोन कधीच जात नसे. तो त्यांचा मुलगा योगेश. आप्पांनी खटपट करून त्याला वीज केंद्रात कंत्राटावर चिकटवलं होतं. तो आठवडाभरात सोडून आला आणि म्हणाला, मला स्वयंपाक करायचाय, कोल्हापूरला एका हॉटेलात काम बघितलंय. आप्पांचा पारा चढला. आम्ही अख्ख्या राज्याला वीज दिली आणि हा पोळ्या लाटणार, असं बरंच काही ते बोलले. ते सगळं पोरानं ऐकून घेतलं. शेवटी ते म्हणाले, "तू म्हणजे कायमचा ब्रेकडाऊन." भिंतीपलीकडे मला ते स्पष्ट ऐकू आलं. त्या दिवशी योगेश बॅग घेऊन गेला तो गेलाच. त्यानंतर त्या घरात जेवताना त्याचं नाव निघायचं नाही, असा अलिखित नियम झाला.

ट्रायलच्या यादीत आणखी एक वस्तू होती, क्रेडिट कार्ड. आप्पांनी ते फार वर्षांपूर्वी घेतलं होतं, तेही योगेश पुण्याला कॉलेजात होता म्हणून. एक कार्ड स्वतःच्या नावाचं आणि त्याच खात्यावर दुसरं योगेशच्या नावाचं, अडीनडीला जवळ असावं म्हणून. आप्पांचं स्वतःचं कार्ड कपाटात शर्टाच्या घडीखाली असे. पहिल्या रविवारी आप्पा ते बाहेर काढत, मेडिकलमध्ये खोकल्याच्या गोळ्या घेत आणि परत घडीखाली ठेवत. घरात खोकला कुणाला नव्हता. त्या गोळ्या आमची मुलं खायची.

गेल्या वर्षी बँकेनं कळवलं की या कार्डाला आता दरसाल फी लागेल. मी पतसंस्थेत नोकरी करते, त्यामुळे इमारतीतले बँकेचे सगळे कागद आधी माझ्या ओट्यावर येतात आणि मग बँकेत जातात. आप्पा एका मंगळवारी संध्याकाळी माईंना बरोबर घेऊन आले आणि म्हणाले, ठेवावं की बंद करावं ते सांगा. मी नेहमीचं सांगितलं. वापर नाही तर फी कशाला भरायची, पडून असलेलं कार्ड भलत्याच्या हाती लागण्याची धास्ती वेगळी. जुनं कार्ड असलं की बाजारात पत चांगली दिसते खरी, पण तुम्हाला आता कुठलं कर्ज काढायचंय. तेव्हा सरळ बंद करा. आणि जाता जाता मी एवढंच म्हणाले, की मुख्य कार्ड बंद झालं की योगेशचंही आपोआप बंद होईल.

आप्पांनी बँकेचा कागद घडी घालून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे मेन स्विच पाडला की पुढची लाइनही जाणार." त्यांनी खिशातून फोन काढला आणि माझ्यापुढे धरला. बँकेचे मेसेज होते. योगेशनं कार्ड वापरलं की मेसेज आप्पांच्या फोनवर येई, कारण खातं त्यांचं. दर महिन्याला एक. कोल्हापूरचा तोच पेट्रोल पंप आणि अगदी किरकोळ रक्कम. पोरगा गेल्यापासूनचे सगळे मेसेज त्यांनी जपून ठेवले होते.

फोन त्यांनी ओट्यावर ठेवला. म्हणाले, पेट्रोलपुरतेही पैसे नाहीत त्याच्याकडे. बाप नको, पण बापाचं कार्ड चालतं. कधी वाटतं, बंद करून टाकावं, म्हणजे तरी फोन करून मागेल. आणि कधी वाटतं, बंद केलं तर तो आहे कुठे, हेही मला कळायचं नाही. मला तेव्हा कळलं की ते फी वाचवायला आलेच नव्हते. पोराशी उरलेला एकच धागा ठेवावा की तोडावा, हे ते मला विचारत होते, आणि मी त्यांना फी नि पत समजावत बसले होते.

माई इतका वेळ माझ्याकडच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं की योगेश पेट्रोलचे पैसे त्याच संध्याकाळी माईंच्या स्वतःच्या खात्यात टाकतो. एकही महिना चुकलेला नाही. त्याला पैशाची काही तंगी नाही.  मग कशाला वापरतो कार्ड, असं आप्पांनी विचारलं. माई नवऱ्याशी नेहमी अहिराणीतच बोलायच्या. त्या म्हणाल्या, "वार कोणता शे ते देखा ना. पोऱ्या ट्रायल लेस. तुम्हीच शिकाडं ना त्याले."

पोरगा ट्रायल घेतोय, एवढं मलाही कळलं. मी फोन हातात घेतला आणि कॅलेंडरशी ताडून बघितलं. प्रत्येक मेसेज पहिल्या रविवारचा होता. आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा काढला. आयुष्यभर लोकांच्या कुलपात किल्ल्या फिरवत हिंडलेल्या माणसाला स्वतःच्याच दारात फिरणारी किल्ली ऐकू आली नव्हती. माईंना मी विचारलं, इतके दिवस बोलला का नाहीत. त्या म्हणाल्या, जेवताना त्याचं नाव काढायचं नाही ना.

पहिला रविवार लांब होता. आप्पांनी आजवर नियम मोडलेला मी बघितला नव्हता. त्या मंगळवारी माझ्या ओट्यापाशी उभं राहून त्यांनी नंबर लावला. पलीकडे भांड्यांचा आणि झाऱ्याचा आवाज इतका होता की तो मलाही ऐकू आला. आप्पा म्हणाले, "योगेश, आप्पा बोलतोय. काही काम नाही." मग फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला लावला. शेवटी म्हणाले, "चालू शे ना रे?"

पलीकडचा भांड्यांचा आवाज हळूहळू लांब गेला. पोरगा बहुतेक फोन घेऊन बाहेर आला असावा. "चालू शे, आप्पा," तो म्हणाला. "चालूच व्हतं."

"बरं. ठेवतो," असं म्हणून आप्पांनी खरंच फोन ठेवला. माई कपाळावर हात मारून हसल्या आणि मग पदर तोंडाला लावून रडल्या. कार्डाची फी आप्पांनी दुसऱ्या दिवशी भरून टाकली.

दिवाळीत योगेश आला. त्यानं स्वयंपाक केला आणि आप्पा जेवले. तारीफ वगैरे करणं त्यांच्या रक्तात नव्हतं, पण भाजी दोनदा मागून घेतली आणि मला बोलावून वाटीभर चाखायला लावली. तो महिन्या-दोन महिन्यांनी येऊ लागला. मग या उन्हाळ्यात एका दुपारी आप्पा झोपले ते उठलेच नाहीत. फार चांगला माणूस गेला. जिना अजून ओकाबोका वाटतो.

कार्ड बंद करायला योगेश माझ्याकडेच आला. खातेदार गेला की बँकेला कळवावंच लागतं, ठेवू की बंद करू हा प्रश्नच उरत नाही. आम्ही अर्ज लिहिला आणि दाखल्याची प्रत जोडली. त्यानं पाकिटातून स्वतःचं कार्ड काढलं. वापरून वापरून नव्हे, पाकिटात घासून घासून त्याच्यावरची नावाची अक्षरं पुसट झाली होती. कात्री मी दिली, पण कापायला त्याला वेळ लागला. मग माईंना चार दिवसांसाठी बरोबर घेऊन तो कोल्हापूरला गेला.

पुढचा महिना लागला. रविवारी सकाळी पार्किंग गप्प होतं. मी चहा घेऊन उगाच दाराकडे बघत बसले होते, तेव्हा फोन वाजला. मागे भांड्यांचा आवाज.

"ताई, योगेश बोलतोय. काही काम नाही," तो म्हणाला. "ट्रायल."

मला अहिराणी येत नाही. पण तेवढे दोन शब्द आले.

"चालू शे," मी म्हटलं.