ताटाची डावी बाजू

मांजलपूरच्या एका दवाखान्यात मी लोकांच्या डोळ्यांत थेंब टाकतो. बाहुली मोठी होईपर्यंत पेशंट डोळे मिटून बसतो. डोळे मिटले की तोंड उघडतं! किस्से बसल्या जागी साठतात. आमच्या डॉक्टर मॅडम डोळ्यातून आत पाहतात आणि कधीकधी थेट मेंदूची बातमी देतात. लोकांना नेमकी तीच नको असते.

*

एक रिटायर्ड मास्तर अक्षरांचा तक्ता पाठ करून आले. मॅडमनी तक्ता बदलला. मास्तरांनी जुनाच म्हणून दाखवला. एकही चूक नाही!

*

सुरेशभाई नवा चष्मा करायला आले. मॅडम म्हणाल्या, "डोळ्यामागची नस सुजलीय. डोक्याचा एमआरआय काढा."

"अरे बेन, डोक्याला काय झालंय?"

बायको शेजारीच होती. "लिहून द्या, मॅडम. मी वीस वर्षं सांगतेय, तर ऐकत नाहीत!"

*

हरणी भागातल्या जोशीकाकांची एक पापणी संध्याकाळी खाली यायची. सोसायटीत बोभाटा, काका डोळा मारतात! मॅडमनी पापणीवर बर्फ ठेवला, पापणी वर आली. नसा आणि स्नायूंमधला बिघाड निघाला. काकांनी दोन चिठ्ठ्या मागितल्या. एक न्यूरोच्या डॉक्टरांसाठी, दुसरी सोसायटीच्या नोटीस बोर्डासाठी!

*

नाना माझे जुने मित्र, रिफायनरीतून रिटायर झालेले. स्कूटर दोनदा फाटकाला घासली म्हणून कुसुमवहिनींनी त्यांना ओढून आणलं. दिवा दिसला की बटण दाबायचं, अशी तपासणी झाली. दोन्ही डोळ्यांत डावी बाजू कोरी!

मॅडम म्हणाल्या, "डोळे चांगले आहेत. मेंदूचा रक्तपुरवठा अडलाय असं वाटतं. आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात जा."

"काहीतरीच! मी रोज स्कूटर चालवतो. महिनाभर डावीकडून कोणी आडवं आलेलं नाही!"

मी रिक्षावाल्याला फोन लावला. वहिनी मात्र वेगळ्याच विचारात. "म्हणजे चटणी, कोशिंबीर ताटात राहते ती यामुळे? मला वाटलं, माझ्या हातची आवडेनाशी झाली. म्हणून तर मी बोलत नव्हते तुमच्याशी!"

"मला वाटलं, तू रागावलीस म्हणून वाढतच नाहीस."

वहिनींनी त्यांचा हात धरला. मग नाना मुकाट्याने रिक्षात बसले.

नाना वाचले. डावी बाजू मात्र परत आली नाही. ते घरी आल्यावर वहिनींनी मला जेवायला बोलावलं. नानांचं ताट नेहमीसारखं वाढलं, आणि अर्धं फिरवून त्यांच्यापुढे ठेवलं.

नानांनी चटणी चाटली, कोशिंबीर संपवली. डोळे पुसले. मग म्हणाले, "कुसुम, आज भाजी केली नाहीस?"