बरं म्हणजे ऐकलं

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रार खिडकीवर ती तेहतीस वर्षं बसली. खिडकी आपली म्हणायची. प्रत्यक्षात एक टेबल, दोन फोन, एक जाडजूड रजिस्टर आणि पाठ टेकली की कुरकुरणारी खुर्ची. सकाळी दहाला पहिला फोन खणखणायचा तो संध्याकाळपर्यंत उसंत द्यायचा नाही. नळाला पाणी नाही. आहे, पण लाल आहे. लाल नाही, पण वास येतो. वास नाही, पण शेजाऱ्यांना आमच्यापेक्षा जास्त येतं. खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन धरून ती लिहीत राहायची आणि समोरच्याच्या दर वाक्यामागे म्हणायची, "बरं."

ऑफिसात तिचं नावच बरंबाई पडलं.

एकदा एक गृहस्थ रिकामी बादली घेऊन थेट टेबलापाशी आले.

"काल फोनवर तुम्हीच होतात ना? बरं म्हणालात!"

"म्हणाले."

"मग पाणी कुठाय?"

"अहो, बरं म्हणजे ऐकलं. येईल असं कुठं म्हणाले मी?"

गृहस्थांनी बादली टेबलावर आपटली. "नुसतं ऐकायचा पगार देतात तुम्हाला?"

"हो," ती म्हणाली. "त्याचाच देतात."

हा किस्सा पुढं कित्येक वर्षं ऑफिसात सांगितला गेला आणि ती स्वतःही त्याला हसत आली. घरी मात्र त्याच शब्दानं तिचं नुकसान केलं, आणि तिथं हसायला कुणी नव्हतं. बावीस वर्षांची असताना वडील म्हणाले, "त्यांच्याकडून होकार आलाय." ती म्हणाली, "बरं." म्हणजे ऐकलं, आता विचार करते. विचार करून होईपर्यंत तारीख ठरली होती. नवरा वाईट निघाला नाही. बसडेपोत गाड्यांची वेळापत्रकं बनवायची त्याची नोकरी, आणि बायको ही त्याला कायम वेळेवर सुटणारी गाडी वाटत आली. ऑफिसजवळची जागा विकून लांब राहायला जाऊ, तो म्हणाला. बरं. लेकीला परगावी शिकायला ठेवू. बरं. प्रत्येक वेळी तिला आणखी काही बोलायचं असे, आणि प्रत्येक वेळी तो तोवर कागद-पेन्सिल घेऊन बसलेला असे.

निवृत्तीला दहा महिने उरले असताना आजार परत आला.

पहिल्या वेळी अंडाशयाचा कॅन्सर निघाला होता. ऑपरेशन झालं, सहा केमो झाल्या, केस गेले, केस आले. बोटांची टोकं मात्र बधिर झाली ती झालीच. रजिस्टरचं एक पान उलटायला जावं तर तीन उलटत. गुंडी लावताना काजात गेली की नाही ते आरशात बघावं लागे. पेला गरम आहे की गार, हे ओठाला लागेपर्यंत कळत नसे. तरी ती कामावर जात राहिली. दोन वर्षांनी पोट फुगायला लागलं. आधी तिला वाटलं गॅस, मग वाटलं वय. तपासणीत निघालं, पाणी.

"बघा," ती तपासणाऱ्या बाईंना म्हणाली, "तेहतीस वर्षं लोक पाण्यासाठी माझ्या नावानं बोटं मोडतायत, आणि साठा सगळा माझ्या पोटात."

त्या बाई हसल्या नाहीत. तेव्हाच तिला काय ते कळलं.

डॉक्टर तरुण होते आणि बोलताना पेनाचं बटण टकटक दाबायचे. पेशंट ती, पण बोलायचे तिच्या नवऱ्याशी.

"हे बघा काका, यकृतावर ठिपके आहेत. आता आपल्यापुढं रस्ते तसे तीन."

तीन म्हणाले खरं, पण पहिल्याला त्यांनी दहा मिनिटं दिली, दुसऱ्याला एक, आणि तिसऱ्याला नुसते खांदे उडवले. पहिला म्हणजे नवीन केमो, आधीपेक्षा कडक, दर तीन आठवड्यांनी सहा वेळा. दुसरा म्हणजे गोळ्या, "पण त्यात फारसा दम नाही." तिसरा म्हणजे आजाराच्या मागं न लागता दुखणं तेवढं आवरायचं, पोटातलं पाणी लागेल तसं काढायचं. "तो शेवटचा. त्याचं आत्ता बोलायला नको."

"बरं," ती म्हणाली.

"मग सोमवारी भरती होऊ. सुरुवात लगेच."

"बरं. पण माझ्या बोटांना ते..."

"मावशी, बोटांकडे नंतर बघू. आधी जीव."

"बरं."

डॉक्टरांनी फायलीत काहीतरी लिहिलं आणि पेन मिटलं. "मावशी धीराच्या आहेत, काका. निम्मे पेशंट इथंच गळपटतात."

त्याच संध्याकाळी फ्रिजवर वेळापत्रक चिकटलं. सहा तारखा लाल, रक्त तपासायच्या तारखा निळ्या, विश्रांतीचे दिवस हिरवे. पट्टीनं आखलेल्या रेघा. तिनं पाण्याची बाटली काढायला दार उघडलं तसा तिचा सगळा उन्हाळा दाराबरोबर बाजूला सरकला.

गुरुवारी जेवताना तिनं सांगितलं, "मला ती केमो घ्यायची नाही."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "म्हणजे? तूच तर बरं म्हणालीस."

"बरं म्हणजे ऐकलं."

"हे बघ, ऑफिसातले विनोद माझ्यावर नको. डॉक्टरांसमोर तीनदा बरं म्हणालीस. मी मोजलंय."

"मोजलंत, पण विचारलंत का?"

"विचारायचं काय त्यात? कुणी मरायला हो म्हणतं का?" त्याचा आवाज चिरकला. मग तो पटकन उठला आणि हात धुवायला गेला. नळ बराच वेळ वाहत होता. ती गप्प बसली, कारण माणूस रडत असताना आपलं म्हणणं पुढं रेटणं तिला कधी जमलेलं नव्हतं. तिची सगळी म्हणणी अशीच कुणाच्या ना कुणाच्या रडण्याखाली गाडली गेली होती.

शुक्रवारी ऑफिसात गेली तर तिच्या टेबलापाशी नवी मुलगी बसलेली. शेजारी व्हॉल्व्हमामा उभे. शहरभरचे व्हॉल्व्ह उघडणं-मिटणं हे त्यांचं काम, आणि तिनं लिहिलेल्या तक्रारींच्या चिठ्ठ्या घेऊन जायला ते वीस वर्षं रोज येत.

"बाई, तुम्ही कशाला आलात? सोमवारपासून पाच महिने रजा ना तुमची?"

"कोण म्हणालं?"

"तुमच्या मिस्टरांचा फोन आला होता साहेबांना. साहेब म्हणाले, अर्ज मागनं द्या, काही घाई नाही."

ती खुर्चीवर बसली नाही. बसायला खुर्चीच नव्हती. नव्या मुलीच्या फोनवर कुणीतरी लाल पाण्याबद्दल तावातावानं सांगत होतं ते टेबलापलीकडे ऐकू येत होतं. तिला एकदम जाणवलं की तिला हेच हवं आहे. मोठं काही नाही. उरलेले दिवस इथं बसायचं, फोन घ्यायचे. इथं निदान माणसं आपलं काय दुखतंय ते स्वतः सांगतात. त्यांच्या वतीनं त्यांचा नवरा सांगत नाही.

"मामा, मी रजा मागितलीच नाहीये. केमोही नको म्हणते आहे, पण घरी कुणी ऐकत नाही."

व्हॉल्व्हमामांनी मान खाजवली. "खरं सांगू? राग मानू नका. तुमचं तोंडी बरं आम्हीपण कधी धरलं नाही. तुम्ही चिठ्ठी लिहून दिलीत की आम्ही निघतो. तोंडी काय, तोंडी अख्खं गाव तहानलेलं आहे."

शनिवारी लेक आली. बॅगेत चार टोप्या, दोन रेशमी रुमाल आणि उलटीवर चघळायच्या गोळ्या. आल्या आल्या आईला मिठी मारली आणि म्हणाली, "आई, तू फायटर आहेस."

"मी तक्रारी लिहून घेणारी कारकून आहे."

"बाबांनी सांगितलं मला. असं नको ना करूस. आमच्यासाठी घे."

"तुमच्यासाठी पहाटे उठून तीस वर्षं डबे भरले. आता केमो पण तुमच्यासाठीच?"

लेकीचा चेहरा एवढासा झाला. आपण फार लागेल असं बोललो हे आईलाही कळलं, पण शब्द मागं घ्यायला ती गेली नाही. लेक टोप्यांच्या घड्या घालत राहिली. टोप्यांच्या काही घड्या घालायच्या नसतात.

"मला मागं पुढं असं वाटायला नको गं," लेक शेवटी म्हणाली, "की आपण सगळं केलं नाही."

"म्हणजे तुला झोप लागावी म्हणून."

"आई!"

"अगं, चूक नाही त्यात. फक्त ते माझ्या भल्यासाठी आहे असं म्हणू नकोस."

रविवारचा दिवस वाईट गेला. ती काही शूरबिर नव्हती. दुपारी आडवी पडली असताना भीतीनं तिला गाठलं. उद्या डॉक्टर म्हणाले की औषधानं नक्की फरक पडेल, तर आपण घेऊ, हे तिनं स्वतःशी कबूल केलं. मरायची हौस नव्हती तिला. पण तो 'फरक' म्हणजे नेमकं काय, हे अजून कुणी तिच्या तोंडावर सांगितलं नव्हतं, आणि तिनंही बरं म्हणण्याच्या नादात विचारलं नव्हतं. ही मात्र आपली चूक, दुसऱ्या कुणाची नाही. सुई आपणच गिळायची आणि पोट दुखतं म्हणून शिंप्याला शिव्या द्यायच्या, असं कसं चालेल.

सोमवारी सकाळी तिघंही डॉक्टरांसमोर बसली. टेबलावर संमतीचा कागद होता. सगळं छापलेलं, तिच्यासाठी फक्त सहीची रेघ कोरी.

"मावशी, इथं सही."

"आधी मला विचारायचंय," ती म्हणाली. नवऱ्यानं घड्याळ बघितलं.

"विचारा ना."

"शंभरजणींना हे औषध दिलं तर कितीजणींना उपयोग होतो?"

पेनाची टकटक थांबली. "साधारण पंधरा."

"उपयोग म्हणजे काय? बरं होतं?"

"नाही... बरं होत नाही. गाठी लहान होतात. आयुष्य थोडं वाढतं."

"किती?"

"प्रत्येकीचं वेगळं असतं, मावशी."

"रजिस्टरात सरासरी असते. सांगा."

"चार महिने. कधी पाच."

"आणि औषध किती महिने चालतं?"

डॉक्टर फायल चाळायला लागले. उत्तर तिच्या नवऱ्याला पाठ होतं, त्यानं स्वतःच आखलं होतं ते. पण तो खाली मान घालून बसला.

"सव्वाचार," लेक हळूच म्हणाली.

"म्हणजे पंधरातली निघाले तर जेवढे मिळतील तेवढे इथंच देऊन टाकायचे. आणि पंच्याऐंशीतली निघाले तर हातात आहेत तेही जायचे." तिनं कागद जवळ ओढला. पेन बोटांत नीट धरलंय का हे तिला बघून खात्री करावी लागली. मग सहीच्या रेघेच्या वर, छापील मजकुराच्या आडवं, तिनं लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं, पण वाचता येत होतं. 'मला हे औषध नको आहे. दुखू नये आणि पोटातलं पाणी काढावं एवढं हवं. समजून लिहीत आहे.' त्याखाली सही, तारीख आणि सवयीनं वेळ.

डॉक्टरांनी कागद वाचला. पहिल्यांदाच ते तिच्याकडे बघून बोलले. "ठीक आहे. मग दुखणं आवरतात त्या विभागात पाठवतो. वाटलं तर मत बदलता येईल, पण फार उशीर नको."

घरी आल्यावर नवऱ्यानं फ्रिजवरचा कागद काढला. फाडला नाही; चार घड्या करून खिशात ठेवला, जशी रद्द झालेल्या गाडीची नोंद जपून ठेवतात. लेक दुसऱ्या दिवशी गेली. टोप्या ठेवून गेली.

तिचं पोट दोनदा रिकामं केलं. दुखण्याच्या गोळ्या लागू पडल्या. ती अर्धा वेळ ऑफिसला जायला लागली. नवी मुलगी शेजारी बसून शिकत होती, आणि फोनवर पाच मिनिटांत चिडत होती. घरात मात्र वाऱ्यानं दार आपटल्यावर पडते तशी शांतता होती. नवरा चहा करून द्यायचा, औषधाची वेळ सांभाळायचा, कशात कसूर नाही. फक्त तिच्याकडे बघायचा नाही.

एका संध्याकाळी ती घरी आली तर तो बाहेरच्या खोलीत बहिणीशी फोनवर बोलत होता. ती चपला काढत दारातच थांबली.

"मी काय कमी केलं ताई? सगळं ठरवलं होतं. हॉस्पिटलात खोलीसुद्धा मिळाली होती. हिनंच पाय मागं घेतला. आता लोक मला विचारतात, बायकोला उपचार का देत नाही म्हणून. तोंड कुठं लपवू मी?"

ती पुढं झाली आणि हात पसरला. त्यानं दचकून फोन दिला.

"वन्सं, मी बोलतेय. ते सांगतायत ते खरं आहे. त्यांनी नको म्हटलेलं नाही, मी म्हटलंय."

"अगं, पण असं कसं गं?" पलीकडून नणंदेचा आवाज भरून आला. "त्याचा तरी विचार करायचास. एकटा पडेल तो."

"केला ना विचार. पडतील एकटे. केमो घेऊनही पडलेच असते, फक्त पाच महिने डबा घेऊन हॉस्पिटलात हेलपाटे घालून मग."

नणंद रडायला लागली. ह्या वेळी तिनं ते रडणं संपू दिलं, आणि मग तेच वाक्य पुन्हा, जसंच्या तसं सांगितलं. फोन ठेवला.

नवरा भिंतीला टेकून उभा होता. कित्येक दिवसांत पहिल्यांदा तो तिच्याकडे सरळ बघत होता, आणि त्या बघण्यात माया कमी, राग जास्त होता.

"तुझं झालं सांगून," तो म्हणाला. "तू सुटशील. मग मला लोक विचारत बसतील. मी काय सांगायचं त्यांना?"

"सांगा, हिला विचारून केलं सगळं," ती पंख्याखाली बसत म्हणाली. "एवढं एक खोटं मी चालवून घेईन."