बिनव्याजी म्हणजे आपलंच

माझ्या बायकोला, स्वरूपाला, चांगलं चाललेलं बघवत नाही. हो, रागानेच म्हणतोय.

पाच वर्षं ती इथे जर्मनीत, हॅनोव्हरला पीएचडी करतेय. विषय काय, तर इस्लामी विमा कंपन्या. कुठली काटकसरीने, नीट चालते आणि कुठली बुडायच्या बेतात आहे. मी गिअरबॉक्सवाला माणूस. मला कळलं ते एवढंच, की या विम्यात सगळे मिळून एका निधीत पैसे घालतात आणि ज्याचं नुकसान होईल त्याला त्यातून भरपाई मिळते. कंपनी नुसती कारभारी. निधी आटला तर कंपनी पदरचे पैसे बिनव्याजी घालते आणि निधी सावरला की परत घेते.

तर प्रबंध एकदाचा झाला. 'जी कंपनी कार्यक्षम, ती सुरक्षित', असा झकास निष्कर्ष. प्रोफेसरबाई खूश. त्या जोरावर फ्रँकफुर्टला नोकरीही ठरली. सोमवारी प्रबंध जमा केला की सुटलो! सासूबाईंना मी फोनसुद्धा करून टाकला.

शनिवारी चहा पिताना ही म्हणते, "हृषी, मी घोळ घातलाय."

घोळ काय, तर ते बिनव्याजी पैसे हिने निधीच्या स्वतःच्या पैशांत धरले होते. आता आमच्याकडे मामाने फी भरली, आत्याने विमानाचं तिकीट काढलं, तर त्याला कर्ज कोण म्हणतं? व्याज नाही, तगादा नाही, म्हणजे आपलंच की! इथल्या पोरीने आधी विचारलं असतं, परत कधी द्यायचे? ते पैसे वगळले तर सगळ्यात कार्यक्षम ठरलेली कंपनी बुडणाऱ्यांत पहिली. निष्कर्ष पाण्यात.

"अगं, पण परत मागतंय कोण?" मी ओरडलोच. "कंपनी म्हणतेय ना, सावकाश द्या!"

"मागणार नाहीत रे. पण पुढच्या वेळी घालणारही नाहीत. मग ज्याचं घर जळलं असेल त्याने काय करायचं? ती कंपनी भक्कम आहे, असं मी लिहून बसलेय."

कप्पाळ माझं!

सोमवारी तिने प्रोफेसरबाईंना सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "जा, मग पुन्हा करा." आणखी वर्षभर काम, तेही बिनपगारी, कारण विद्यापीठाचं नोकरीचं कंत्राट संपलंय. तिने कळवताच फ्रँकफुर्टवाल्यांनीही नम्रपणे नकार दिला.

घरी आली ती कोटही न काढता खुर्चीत बसली आणि रडायला लागली. मी आदळआपट करत पानं घेतली. म्हटलं, "वर्षभर माझ्या पगारात भागेल. ऊठ, आमटी गार होतेय."

डोळे पुसत म्हणाली, "सगळे परत करीन हं."

आता मात्र माझं टाळकंच सटकलं. "नवऱ्याचे पैसे परत करतात का कुठे? घरचेच आहेत ते! पुन्हा बोललीस तर बघ!"

ती उठून पानावर बसली. मग म्हणाली, "हेच, हृषी. अगदी हेच लिहिलं होतं मी."