टाच खाली

२०२२ साली मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो. त्या वर्षी एका माणसाने माझ्या दुकानाच्या भिंतीवर, माझ्याच खडूने, माझ्या डोक्याच्या हातभर वर एक रेघ मारली आणि म्हणाला, "टाच खाली."

माझ्या दुकानात मला कोणी हुकूम करत नाही. शाळा चौथीपर्यंत, तीही पुरी नाही, पण राजाजीनगरात पन्नास वर्षं कात्री चालवली आहे. गिऱ्हाईक म्हणालं की बाही अशी ठेवा, तर मी म्हणतो, बाही कशी असते ते मला ठाऊक आहे, तुम्ही हात तेवढा सरळ ठेवा. असा मी. पण त्या माणसाने टाच खाली म्हटलं आणि माझ्या टाचा मुकाट खाली आल्या.

त्यांचं नाव लिहीत नाही. नाव छापून आलेलं त्यांना रुचायचं नाही. मी त्यांना मास्तर म्हणायचो. आमच्या या कन्नड गावात शिंप्यालाही मास्तरच म्हणतात, म्हणून तेही मला मास्तर म्हणायचे. रस्त्यात दोघं भेटलो की "काय मास्तर?" "काय मास्तर!" इतकंच व्हायचं, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं दोन खुळे आहेत.

ते मैदानावरचे मास्तर, पण कोच नव्हेत. ही गल्लत सगळे करतात. कोच पळा म्हणतो. हे थांबा म्हणायचे. खेळाडूचा घोटा बांधणं, गुडघ्यावर बर्फ धरणं, आखडलेला स्नायू सोडवणं, पडलेल्याला उचलणं आणि उचललेल्याला पुन्हा चालायला शिकवणं, हे त्यांचं काम. ट्रेनर म्हणतात त्याला. कप जिंकला की फोटोत खेळाडू असतो, कोच असतो, मैदानावर कधी न आलेला एखादा पाहुणाही असतो. मास्तर फोटोच्या बाहेर पाण्याचा डबा उचलत असायचे.

समोर माणूस आला की ते त्याच्या तोंडाकडे पाहायचेच नाहीत, पायांकडे पाहायचे. माझ्या बाकावर बसून गिऱ्हाइकांच्या चाली बघायचे. "या अण्णांचा डावा गुडघा गेलाय." "या अक्का चपलेत पाय ओढतात." मी माणूस खांद्यापासून मोजतो, ते टाचेपासून मोजायचे. मधे कुठेतरी आमची गाठ पडली.

गाठ पडली तीही भांडणातून. मी तेव्हा तिशीत होतो. ते जाड कापडाचं एक ठाण घेऊन आले आणि घोट्याला बांधायचे बारा पट्टे शिवायला सांगितले. ते धारवाडकडचे, त्यामुळे मराठी बरं यायचं, पण निम्मं कन्नड. जाताना दारातून म्हणाले, "मास्तर, टाच मोकळी ठेवा हं."

आता आमच्या घरात कच्च्या शिलाईला टाच म्हणतात. कोट पहिल्यांदा अंगावर घालून बघायचा तर पक्का शिवत नाहीत, नुसता टाचतात. मला वाटलं, हा माणूस शहाणा आहे, आधी खेळाडूंच्या पायावर घालून बघणार आहे. मी बाराच्या बारा पट्टे लांब लांब टाके घालून नुसते टाचून दिले. टाच अगदी मोकळी. आणि खाली पायाची टाच मात्र झाकून टाकली, मोज्यासारखी.

दुसऱ्या दिवशी ते चिंध्यांचं बोचकं घेऊन दारात उभे. पहिल्याच उडीला सगळं उसवलं होतं.

"मास्तर, टाच मोकळी म्हटलं, तुम्ही तर सगळंच मोकळं केलंत!"

"चूक तुमच्या मराठीची," मी म्हटलं. "पायाची टाच म्हणायचं होतं तर पाय म्हणायचा."

"टाच काय कानाला असते काय री?"

री म्हणजे त्यांच्याकडचं अहो. मी बारा पट्टे पुन्हा शिवून दिले. त्यानंतर चाळीस वर्षं त्यांची सगळी शिलाई माझ्याकडे. पायाला बांधायच्या वाळूच्या पिशव्या, मोडलेल्या हाताच्या झोळ्या, शेकाच्या पिशव्यांच्या खोळी. जिची घडी कोणी मोडून बघणार नाही अशी शिलाई. आणि दर वेळी दारातून जाताना ते म्हणायचेच, "टाच मोकळी हं."

त्यांचा एक किस्सा सांगतो. तिथे मी स्वतः होतो, पट्टे पोचवायला गेलो होतो. येलहंक्याची एक मुलगी पळायची, वाऱ्यासारखी. मोठी शर्यत होती आणि तिचा गुडघा सुजलेला. मुलगी म्हणे पळते, बाप म्हणे पळू दे, कोच म्हणे एक इंजेक्शन देऊ. मास्तर पुढे आले. तिचे बूट उचलले, आपल्या पिशवीत घातले, आणि पिशवीवर बसले.

कोच ओरडला. बापाने हात जोडले. मुलगी रडून रडून आडवी झाली. मास्तर पिशवीवर. "स्वल्प थांब," एवढंच म्हणत होते, "स्वल्प थांब." शर्यत सुटली, संपली, बक्षीसही वाटून झालं, तेव्हा उठले, बूट काढले आणि तिच्यापुढे ठेवले. पुढलं वर्षभर त्या कोचच्या संघाने त्यांना मैदानावर येऊ दिलं नाही. त्या वर्षात ते रोज संध्याकाळी माझ्या बाकावर बसून रस्त्यावरच्या लोकांचे पाय बघायचे. तक्रार केली नाही. मी मात्र त्या कोचची पँट शिवायला आली तेव्हा परत पाठवली. म्हटलं, तुमचं माप माझ्याकडे मावत नाही.

मग माझा उजवा खांदा आखडला. सदऱ्यात हात जाईना. मी कोणाला सांगितलं नाही. डाव्या हाताने टेप धरत होतो, ते मास्तरांनी बाकावरून पाहिलं.

"मास्तर, हात वर करा."

"का? मी काय चोर आहे?"

"करा तर."

हात छातीपर्यंत आला आणि अडला. तेव्हा त्यांनी ती रेघ मारली. भिंतीपुढे उभं राहायचं, बोटं मुंगीसारखी भिंतीवरून चढवत न्यायची, जिथे अडतील तिथे खडूची खूण करायची. रोज सकाळी. आणि रेघेला बोट लागेपर्यंत मशीन बंद.

"आणि शिवणार कोण?"

"मुलगा आहे की."

"मुलगा शिवत नाही. मुलगा जोडतो."

"सरी, बरं, मग स्वल्प दिवस जोडू दे."

मी पहिल्याच दिवशी हळूच टाचा उचलल्या आणि बोटं चार अंगुळं वर नेली. त्यांची पाठ होती माझ्याकडे. पाठीनेच म्हणाले, "टाच खाली."

खुणा हळूहळू वर चढत होत्या. तेवढ्यात एक दिवस मास्तरांनी दात काढून आल्यासारखं तोंड करून सांगितलं, की त्यांच्या धंद्यातल्या माणसांची संघटना आहे, ती आयुष्यभर हे काम केलेल्या एकाचा सत्कार करते, आणि म्हणाले, "यंदा ते बकरं मी."

मला किती आनंद झाला ते लिहिता येत नाही. मी लगेच टेप घेतली. "कोट मी शिवणार."

"बेडा," ते म्हणाले. नको.

"चाळीस वर्षं तुमच्या पिशव्या शिवल्या. कोणी पाहिल्या? एकदा तरी भरल्या हॉलने माझं काम बघू दे."

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "रेघ कुठे, बोटं कुठे?"

"महिना आहे अजून."

"तुम्ही शिवलात तर मी घालणार नाही, मास्तर."

मी टेप गुंडाळून ठेवली. त्या मुलीचे बूट पिशवीत गेले तेव्हा मला मास्तरांचं कौतुक वाटलं होतं. आपले बूट पिशवीत जातात तेव्हा कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं.

सत्काराला गेलो. यशवंतपूरच्या बाजूला हॉल होता. मी मुद्दाम शेवटच्या रांगेत बसलो. मास्तर स्टेजवर धुतलेल्या ट्रॅकपँटीत, वर पांढरा सदरा, त्याचा खांदा एक बोट उतरलेला. कोणी शिवला होता देव जाणे. डोक्यावर म्हैसुरी पेटा, म्हणजे फेटाच, घातला तो भुवईपर्यंत आला. हार, फळांची परडी, आणि शाल. या सत्काराच्या शाली मला ठाऊक आहेत, वरून जर आणि आत प्लास्टिक. पण ही खरी लोकर होती. ती खांद्यावर कशी पडली त्यावरून शेवटच्या रांगेतूनही मला कळलं.

भाषण करा म्हणाले. मास्तर माइकपुढे आले आणि कन्नडमधे म्हणाले, "ज्यांना मी खेळू दिलं नाही, त्यांनी स्वल्प उभं राहा."

आधी येलहंक्याची ती उठली. आता ती कुठल्याशा शाळेत खेळ शिकवते, केस पांढरे व्हायला लागले आहेत. मग एक उंच माणूस उठला. मग तिकडे दोघी. मग खुर्च्या वाजायलाच लागल्या. निम्मा हॉल उभा राहिला. कोणी हसत होतं, कोणी डोळे पुसत होतं.

स्टेजवरून मास्तर एकेक रांग बघत बघत शेवटच्या रांगेपर्यंत आले. माझ्यापाशी थांबले.

मी उठलो नाही. मनाला म्हटलं, मी कुठे खेळाडू आहे. खरं कारण कोट होतं, हे मलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही.

त्यांनी नजर खाली घेतली, सगळ्यांच्या पायांवरून फिरवली. "सरी," म्हणाले, "सगळे नीट उभे राहताय. बसा आता." भाषण संपलं. मी जेवायला न थांबता घरी आलो.

तिसऱ्या दिवशी ते दुकानात आले. पिशवीतून शाल काढली आणि टेबलावर टाकली.

"शेकाच्या पिशव्यांच्या खोळी करा याच्या. लोकर आहे, ऊब धरेल. चार होतील?"

पाच झाल्या असत्या. पण मी म्हटलं, "मानाच्या कापडाला आमच्यात कात्री लावत नाहीत. माझ्या बापाने लावली नाही, मी लावणार नाही."

"घडी करून ठेवली तर कसर खाईल. पोरींच्या कमरेला लागली तर मान जातो काय?"

"जातो."

"सरी. आज नाही म्हणतच मी. रेघेला बोट लागेल तेव्हा कापा." आणि शाल तिथेच टाकून निघाले. दारातून, सवयीने, "टाच मोकळी हं."

त्या दिवसापासून मी भिंतीपुढे उभा राहणं बंद केलं. खुणांवर धूळ बसली. मशीनवरही बसत नव्हतो, म्हणजे दोन्हीकडून गेलो. मास्तर रस्त्याने जाताना काचेतून बघायचे, हात वर करायचे आणि दोन बोटं हवेत मुंगीसारखी चढवून दाखवायचे. मी मान खाली घालून नसलेल्या कापडाची घडी करायचो. तीन महिने असं चाललं. तीन महिने हा माणूस रोज बोटं चढवत गेला, आणि मी एकदाही वर पाहिलं नाही.

एका दुपारी येलहंक्याची ती दुकानात आली. बसली नाही.

"अण्णा, मास्तर गेले. सकाळी उठलेच नाहीत."

मी तिच्याबरोबर तसाच गेलो. त्यांच्या अंगणात मोठी गर्दी होती, सगळी चालत आलेली. लोक तोंड बघत होते. मी त्यांच्याकडूनच शिकलेला, मी पाय पाहिले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या टाचा बघणाऱ्याच्या टाचा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या. भेगा पडल्या होत्या, खोल, मैदानाची लाल माती आत बसलेली. पायांना हात लावायला उजवा हात पुढे केला, तो पोचला. खाली जातो तो हात. वर तेवढा जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाच्या आधी दुकान उघडलं. कपाटातून शाल काढली, टेबलावर पसरली, सुरकुती मोडली. खडूला धार केली आणि तिच्यावर खोळी आखल्या. नीट बसवल्या तर पाच. काठ कापावा लागणार नाही अशा आखल्या. कात्री हाताशी होती, ती खणात ठेवली.

मग भिंतीवरची धूळ पुसली आणि तोंड करून उभा राहिलो. दुकानात कोणी नव्हतं. बोटं चढत गेली, जुन्या खुणांपैकी वरून तिसरीपाशी अडली. रेघेला अजून वीतभर कमी. तिथे नवी खूण केली. टाचा खालीच होत्या.