राखेनं आखलेलं घर

मी सारोळ्याकडची, नीरेच्या काठच्या उघड्या माळावरची. लग्न होऊन पालीजवळच्या वाडीत आले, तेव्हा सासरी जनावरं आणि माणसं एकाच छपराखाली राहतात हे बघून मी हबकलेच. दारातून शिरलं की उजवीकडे गोठा, मध्ये छातीएवढा कूड आणि पलीकडे आमचं माजघर. म्हैस खोकली की मी दचकून उठायची. डोंगरातल्या पावसात गुरं उघड्यावर ठेवता येत नाहीत, हे मला सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. मुळातच मी फटकळ.

नवऱ्याच्या मागे मी भुणभुण लावली, "आमच्याकडं गोठा अंगणापल्याड असतोय. हितं भाकरीलाबी शेणाचा वास." त्या साली गवताचं छप्पर उतरवून कौलं घालायचं ठरतच होतं. नवऱ्यानं वडिलांच्या कानावर घातलं आणि एवीतेवी घर उघडायचंच तर गोठाही बाहेर काढू, असं ठरलं. मला आकाश ठेंगणं झालं.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, तरुणपणी भाटघरच्या धरणावर दगड वाहायला होते. तिथं पाया खणण्याआधी जमिनीवर चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारतात, हे त्यांनी पाहिलेलं. आमच्याकडे कुठली फक्की? त्यांनी चुलीतली राख डब्यात साठवली आणि सुगी आटोपल्यावर रिकाम्या खळ्यावर अख्खं घर आखलं. खरं घर असावं तेवढंच. "हितं दार. हितं देव. हितं चूल, तोंड उगवतीला." मग आम्हाला त्यातून चालायला लावायचे. कुणाचा पाय रेघेवर पडला की ओरडायचे, "अगं, भिंतीतनं कुठं चाललीस?" कोंबड्या खुशाल भिंतीतून फिरत होत्या, त्यांच्यावरही ते धावून जात.

सगळे हसत होते. मीही हसत होते, आणि तेवढ्यात खळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला आखलेल्या नव्या गोठ्याकडे माझं लक्ष गेलं.

कावळा शिवला की आमच्या घरात बाईनं गोठ्याच्या कोपऱ्यात बसायचं, तिथंच निजायचं. त्या कोपऱ्याला मी शिव्याच घालत आले होते. पण कुडावरून माजघरातलं बोलणं ऐकू यायचं, चुलीची ऊब पोचायची. आता गोठाच अंगणापलीकडे, ओढ्याच्या अंगाला चालला होता. त्याच ओढ्यात बिबट्यानं आमची कालवड ओढून नेली होती. धो धो पावसात, त्या अंधारात मला एकटीला निजावं लागणार होतं. आणि हे सगळं माझ्याच हौसेनं. मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

सांगायचं कुणाला? असलं काही पुरुषांपुढे उच्चारायची सोय नव्हती, मामंजींपुढे तर मी मानही वर करत नसे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. नवऱ्याला आडून सुचवलं, "गोठ्याचं जरा बगा की." त्याला वाटलं, मला तो आणखी लांब हवाय. तसं त्यानं वडिलांना सांगूनही टाकलं!

सुतार मापं घ्यायला येणार त्या सकाळी मामंजींनी सासूबाईंना बोलावलं, "ये, तू एकदा चालून बग." त्यांना मी आत्याबाई म्हणायची; त्या फारशा बोलणाऱ्या नव्हत्या. भरली घागर कमरेवर घेऊन त्या राखेच्या दारातून आत आल्या, माजघर ओलांडलं, चुलीपाशी वाकून पाहिलं. मग मागच्या रेघेवरून सरळ पलीकडे गेल्या, घागर खाली ठेवली आणि उघड्या उन्हात मातीत बसल्या.

"अगं, तितं कुठं बसलीस? तितं घर न्हाई," मामंजी म्हणाले.

"मला ठावं हाय."

"मंग ऊठ की."

"बाईमाणसानं चार दिस कुठं बसावं, ते सांगा. मंग उठते."

नवरा बैलाकडे बघायला लागला. मी पदर तोंडात धरला. मामंजी बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते. मग राखेचा डबा घेऊन वाकले आणि आत्याबाई बसल्या होत्या तिथंच, त्यांच्याभोवती, माजघराला लागून चौकोन आखला. चुलीकडच्या बाजूला बोटानं रेघ पुसून दाराची जागा सोडली. "खिडकीबी ठिवू," एवढंच म्हणाले आणि आत्याबाईंकडे न बघताच डबा घेऊन ओढ्यावर हात धुवायला गेले.

ती खोली झाली. कौलारू, कोरडी, बाहेर बसले तरी घरातच असल्यासारखी. माझी सगळी बाळंतपणं तिथंच झाली. मामंजींचे उपकार मी विसरणार नाही. त्या काळी कुठला पुरुष असल्या कामाला वाकला असता? पण आत्याबाईंचं ऋण कुठल्या शब्दांत सांगू? ते बसणं-उठणं त्यांचं माझ्या लग्नाआधीच संपलेलं होतं. ती खोली त्यांना एकदाही लागायची नव्हती.

नव्या खोलीत मी पहिल्यांदा बसले, तेव्हा त्या दाराच्या पलीकडे वाल सोलत बसल्या होत्या. मी धीर करून विचारलं, "आत्याबाई, तुमाला तर नगं हुती ही खोली. मग उनात कशापायी बसलात?"

त्यांनी सोललेले दाणे सुपात टाकले.

"माज्या येळंला कुणी बसलं न्हाई, पोरी," त्या म्हणाल्या.