खांद्यांनी डोंगर मोजणारे काका

आमच्या पाड्यातले काका डोंगर खांद्यांनी मोजायचे. आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून न्यायचे, आणि एकाचा खांदा भरून आला की बांबू दुसऱ्याने घ्यायचा. तो एक खांदा. वर तोरणमाळचा रस्ता अकरा खांदे, खाली नाल्याच्या वाटेने दवाखाना सोळा.

सीताखाई बघायला आलेले पाहुणे विचारायचे, "बाबा, धबधबा किती लांब?"

"रिकामे असाल तर दोन खांदे. झोळीत असाल तर पाच."

पाहुणे हसून फोटो काढायचे. काकाही हसायचे. त्यांना पुढचे दात नव्हते.

काका झोळीच्या पुढे असायचे. मागच्यांवर ओरडायचे, "हळू रे! पोर काय झाडावरचा आंबा आहे, हलवून पाडायला?" मी झोळीत होते तेव्हा कळा येत असतानाही मला हसू आले होते. माझे पहिले बाळंतपण, मूल आडवे. पावसाळ्यातला रविवार. काका म्हणाले, "नाला नको. वरच्या रस्त्याने नेऊ. जीपवाल्याला फोन केला आहे."

धबधबे बघायला आलेल्यांच्या गाड्यांनी घाट भरला होता. जीप त्यांच्यामागे अडकली. ती पोचेपर्यंत फार उशीर झाला. मी वाचले, मुलगी नाही.

आठ दिवसांनी काका आमच्या ओट्यावर येऊन बसले. सासूबाईंना म्हणाले, "मी वाट चुकलो."

"तिलाच विचार," सासूबाई म्हणाल्या.

मला सांगायचे होते की नाल्याला पूर होता, झोळीत पडल्या पडल्या मी त्याचा आवाज ऐकला होता. मोठ्या माणसासमोर माझ्या तोंडून शब्द निघत नाही. मी पाणी दिले. ते पिऊन काका उठले. त्यानंतर त्यांनी झोळीला हात लावला नाही.

पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या सुनेचे दिवस भरले. सगळे काकांच्या दारी जमले. "काका, चला. वाट तुम्हीच सांगा."

"मी नाही. एक पोर घालवले मी."

लोक वळून माझ्याकडे बघू लागले. मी मान खाली घातली.

माणसे काकांशिवाय निघाली. गेल्या वर्षी वरची वाट चुकली असे समजून त्यांनी नाल्याची वाट धरली आणि पाणी उतरायची वाट बघत काठावरच अडकली. दुपारी झोळी परत आली. सुनेचे तोंड झाकलेले होते.

काका झोळी उतरवायला पुढे आले. मी त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "काका, तुम्ही तेव्हा वाट चुकला नव्हता. नाल्याला पूर होता."

काकांनी माझ्याकडे पाहिले. ते रागावले नव्हते.

"आता सांगतेस, पोरी?"