वाघुळदे सरांचा 'प'

दुपारचे अडीच वाजलेत. सावद्याला आईच्या खोलीत मी चटईवर आडवी झालेय. बाहेर एप्रिलचं ऊन आहे, आत कूलरची घरघर. संध्याकाळी सहाला शाळेच्या पटांगणावर वाघुळदे सरांची श्रद्धांजली सभा आहे आणि पहिलं भाषण माझं. रेडिओवर बातम्या वाचणारी म्हणून मला आग्रहानं बोलावलंय. सकाळपासून मी एकच ओळ लिहून खोडतेय. 'सर एक आदर्श शिक्षक होते.' ते तसे होते, पण मला जे सांगायचंय ते याच्या आसपासही नाही.

डोळे जड होतात. कूलरची घरघर वर वर सरकते आणि छताच्या पंख्यात जाऊन बसते. पंखा कुरकुरतो. तो आमच्या आठवी 'ब'चा पंखा आहे, आणि त्याच्याखाली फळ्यासमोर सर उभे आहेत. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं. सायकलवरून आले की पँटच्या पायाला लावलेली क्लिप काढायला ते विसरायचे; ती आत्ताही तशीच आहे.

"भारंबे, उशीर झाला," सर म्हणतात.

"सर, तुम्ही गेलात ना?"

"गेलो की. गेल्या महिन्यात, अठरा तारखेला. तू आली नाहीस."

"माझी ड्यूटी होती."

"ठाऊक आहे. त्या दिवशी धरणाच्या पाण्याची बातमी तू घाईत वाचलीस."

मी बाकावर बसते. बाक लहान आहे, गुडघे वर येतात. सर नकाशावर काठी टेकवतात.

"आज आपण बघणार आहोत प... प..."

ते थांबतात. डोळे मिटतात. सगळा वर्ग थांबतो, पंखाही.

"...पश्चिम घाट."

मला राहवत नाही. "सर, तिकडेही अडकतं?"

"अडकतं. पण तिकडे कुणाला घाई नसते."

सर 'प'वर अडखळायचे. आणि विषय भूगोल. पर्वत, पठार, पाऊस, पृथ्वी, सगळं 'प'नंच सुरू व्हायचं. एकतीस वर्षं त्यांनी हा विषय शिकवला. आम्हाला नदीवर न्यायचे, ओल्या वाळूचा सह्याद्री करायचे आणि पश्चिमेकडून तांब्यानं पाणी ओतायचे. मग पलीकडची वाळू कोरडी का राहिली ते आम्हीच सांगायचं. उत्तर येत नसलेल्या मुलासाठी ते थांबायचे. इतका वेळ थांबायचे की त्या मुलाला शेवटी काहीतरी सुचायचंच. आमच्या वर्गातला एकही जण भूगोलात नापास झाला नाही.

नकाशा हलतो. त्याला सुरकुत्या पडतात आणि तो रंगमंचाचा लाल पडदा होतो.

मी पडद्यामागे उभी आहे. नववीत आहे, दोन वेण्या, गॅदरिंगचा दिवस. नाटकाला अवकाश आहे आणि मैत्रिणी म्हणतायत, "हेमे, सरांचा आवाज काढ ना." मला तो आवाज फार छान येतो. मी काढते. "प... प... प... पश्चिम घाट." मैत्रिणी पोट धरून हसतात. मग पडद्यापलीकडून हसू येतं, आधी थोडं, मग सगळ्या पटांगणाचं. बाजूच्या टेबलावरचा माईक चालू राहिलेला आहे. मी पडद्याच्या फटीतून बघते. पहिल्या रांगेत सर बसलेत, शेजारी त्यांच्या पत्नी, सरलाकाकू. सर समोर बघतायत, अगदी सरळ.

हे असंच घडलं होतं. तिसऱ्या दिवशी सरांनी मला बोलावून सांगितलं की उद्यापासून प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर बातम्या तू वाचायच्या. मला वाटलं, शिक्षा. दोन वर्षं मी ती शिक्षा भोगली. पुढे तिच्यावरच माझं पोट चाललं. पण सर त्यानंतर कधी माईकसमोर उभे राहिले नाहीत, आणि मी कधी माफी मागितली नाही. दर दिवाळीत गावी यायचे, त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी जायचे आणि परत फिरायचे.

आता पटांगण रिकामं झालंय. पहिल्या रांगेत एकटे सर आहेत, म्हातारे, गळ्यात मफलर. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसते.

"दुखलं का सर?"

"दुखलं," ते म्हणतात. "दोन दिवस शाळेत जाऊ नये असं वाटलं."

मी मान खाली घालते.

"पण घरी जाताना काय झालं ते तुला माहीत नाही. सायकलवर मागे बसून सरला एकदम हसायला लागली. लग्नाला बारा वर्षं झाली होती, मी अडखळलो की ती खाली बघायची. त्या दिवशी हसली. म्हणाली, पोरगी तुमच्यापेक्षा बरी अडकते. मग मलाही हसू आलं. सायकल नालीत जाता जाता वाचली."

"तुम्ही मुख्याध्यापक व्हायला नाही म्हणालात. रोज प्रार्थनेनंतर बोलावं लागेल म्हणून. ते माझ्यामुळे."

"बोलायची भीती होती, हे खरं. पण ती तुझ्या जन्माच्या आधीची. तू ती स्वतःच्या नावावर कशाला घेतेस?" ते मफलर सारखा करतात. "आणि ऑफिसात नकाशा लावायला भिंत नव्हती. सगळीकडे कपाटं."

"मग मला बातम्या का वाचायला लावल्या?"

"तुझा आवाज शेवटच्या रांगेच्याही मागे गेला होता. वडाखाली उभ्या असलेल्या शिपायाला अक्षर न अक्षर कळलं. म्हटलं, हा आवाज नकलेत वाया जायला नको."

मी काही बोलायला जाते तर समोर काच आहे आणि काचेवर लाल दिवा लागलाय. आमचा स्टुडिओ. सर कानाला हेडफोन लावून माझ्या जागेवर बसलेत, आणि त्यांना तिथे पाहून मला इतकं बरं वाटतं की रडू येतं.

"सर, माफ करा मला."

सर माईक माझ्याकडे वळवतात. "मला एकट्याला काय सांगतेस? हसले सगळे होते. जिथे झालं तिथेच सांग."

"सगळ्यांसमोर?"

"प... प... पटांगणावर. सावकाश वाच."

ते उठून दार उघडतात. बाहेर नदीकाठ आहे, कमरेइतकं वाळलेलं गवत आणि त्यातून जाणारी पायवाट. सर पुढे चालतात, मी मागून. त्यांच्या चालीत कसलीही घाई नाही. पाणी जवळ आल्याचा वास येतो.

"साडी सांभाळ," ते मागे न बघता म्हणतात, "कुसळं लागतील."

"हेमा, ऊठ गं. चार वाजले."

आई चहा घेऊन उभी आहे. कूलरचं पाणी संपलंय, खोली तापलीय. मला क्षणभर कळत नाही की मी कुठल्या वयाची आहे.

"काय बोलायचं ते ठरलं का?" आई विचारते.

"ठरलं. आधी माफी मागणार आहे."

कशाची, असं ती विचारेल म्हणून मी थांबते. आई कप माझ्या हातात देते आणि माझ्या कपाळावरचे केस मागे सारते.

"माग," ती म्हणते. "त्या दिवशी मी तिसऱ्या रांगेत होते. मीही हसले होते."

आम्ही दोघी चहा पितो. मी उठायला जाते तेव्हा घोट्याला काहीतरी टोचतं. साडीच्या काठात एक लांब कुसळ रुतलंय. ही साडी आईच्या कपाटातली, सकाळी अंघोळीनंतर मी घडी मोडून नेसलेली. तेव्हापासून मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही. मी कुसळ हळूच ओढून काढते आणि तळहातावर ठेवते. त्याच्या टोकाला नदीची काळी माती आहे, अजून ओली.